जरा नाकाकडेही बघूया

बाळदमा असलेल्या मुलाच्या आईवडिलांचे कान झोपेतही जागेच असतात. पलीकडच्या खोलीतून एक खोकला आला की आपण श्वास धरून पुढच्या खोकल्याची वाट बघतो. साधा आहे की छातीतून येतोय? घरघर ऐकू येतेय का? पंप द्यावा की थोडं थांबावं? आणि सकाळी सहाला उठून डबा करायचा असतो, ते वेगळंच.

मी काही डॉक्टर नाही. माझ्या लेकीला दमा आहे आणि तुमच्यासारखंच हे सगळं आमच्याही घरात चालू असतं, म्हणून बोलावंसं वाटतं. आज बोलायचंय ते एका विशिष्ट खोकल्याबद्दल. दमा तसा आटोक्यात आहे. पंप नेमाने चालू आहे. मूल पळतंय, खेळतंय, धाप लागत नाही. डॉक्टर छाती तपासून ‘छान आहे’ म्हणतात. आणि तरी खोकला काही जात नाही. अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. सकाळी उठल्यावर पुन्हा. दिवसभर अधूनमधून घसा खाकरणं चालूच.

हा खोकला मुलापेक्षा कधीकधी आपल्यालाच जास्त दमवतो. कारण त्याचा अर्थच लागत नाही. मग आपण काय करतो? कुणी आपल्याच मनाने पंपाचे पफ वाढवतं. कुणी म्हणतं, ‘एवढं देऊनही फरक नाही, मग कशाला ते स्टेरॉइड अंगात घालायचं?’ आणि पंपच बंद करून टाकतं. बाकीचे आपण कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून खोकल्याच्या औषधाची आणखी एक बाटली घेऊन येतो. फ्रिजच्या दारात अशा अर्धवट संपलेल्या बाटल्यांची रांग कुणाच्या घरी नसते?

आणि या सगळ्या धावपळीत मुलाचं नाक मात्र वाहत असतं, नाहीतर चोंदलेलं असतं. आपल्याला ते दिसतं, पण आपण मनावर घेत नाही. सर्दी काय, मुलांना असतेच! डॉक्टरांकडे गेल्यावर आपण खोकल्याची अख्खी कथा सांगतो. नाकाबद्दल कुणी विचारलं नाही तर आपणहून बोलत नाही. ‘सर्दी आहे का?’ असं विचारलं तरी ‘ती नेहमीचीच’ म्हणून मोकळे होतो.

त्या ‘नेहमीची’ या शब्दापाशीच आपण जरा थांबायला हवं.

आपण नाक वेगळं, घसा वेगळा, छाती वेगळी असं समजतो. डॉक्टरही वेगवेगळे असतात, एक कान-नाक-घशाचे, एक छातीचे. पण श्वासाची वाट नाकपुडीपासून फुफ्फुसापर्यंत एकच आहे, आणि आतलं नाजूक अस्तरही बरंचसं सारखंच आहे. ज्या ॲलर्जीने छातीतल्या नळ्या सुजतात, तीच नाकाचं अस्तरही सुजवते. १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तज्ज्ञांची एक बैठक झाली. नाकाची ॲलर्जी आणि दमा यांच्या संबंधावर त्यांनी काम केलं आणि २००१ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातली शिफारस आपल्यासारख्यांना सहज समजेल अशी होती. नाकाची ॲलर्जी सतत असेल तर दमा आहे का ते तपासा, आणि दमा असेल तर नाक तपासायला विसरू नका. दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाचा काही ना काही त्रास असतोच. म्हणजे आपली मुलं यात एकटी नाहीत.

नाकामुळे खोकला येतो कसा? एक तर नाकात आणि बाजूच्या पोकळ्यांत तयार होणारा चिकट स्राव पुढून बाहेर येण्याऐवजी मागच्या मागे घशात उतरतो. दिवसा तो आपण नकळत गिळून टाकतो. आडवं झालं की तो घशाशी साचतो, स्वरयंत्राच्या आसपास टोचत राहतो आणि ढास लागते. म्हणून पाठ टेकल्यावर खोकला, म्हणून सकाळी उठल्याबरोबर खोकला.

दुसरी गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही. नाक हवा गरम करतं, ओलसर करतं, धूळ आणि परागकण बरेचसे वरच्या वर अडवतं. नाक चोंदलं की मूल तोंडाने श्वास घेतं. मग कोरडी, गार, न गाळलेली हवा थेट त्या आधीच हळव्या झालेल्या नळ्यांत जाते. दम्याच्या मुलाला नेमकी तीच सोसत नाही. शिवाय नाकाला सतत सूज असली की खोकल्याची जी यंत्रणा शरीरात असते, तीच जरा जास्त चटकन उसळणारी होते. एरवी ज्याने नुसतं खवखवलं असतं, त्याने अशा मुलाला उबळ येते. म्हणजे घशात काही उतरत असल्याचं दिसलं नाही, तरीही नाकाचा वाटा असू शकतो.

आणि आता सगळ्यात साधी गोष्ट. पंपाचं औषध तोंडाने घेतात. ते छातीत जातं, नाकात जात नाही. गच्चीवरची टाकी वाहत असताना आपण खालच्या खोलीच्या भिंतीला कितीही रंग दिला तरी ओल परत येते, तसंच हे. रंग वाईट नसतो, भिंतीला तो हवाच असतो. पण वर जाऊन टाकीही बघावी लागते.

आपल्याला घरी काय ओळखता येईल? थोडंफार नक्कीच. दम्याचा खोकला बहुतेकदा कोरडा असतो, मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे वाढतो, पळाल्यावर, खूप हसल्यावर, रडल्यावर येतो. त्याच्यासोबत छातीत शिट्टीसारखा आवाज किंवा धाप असते आणि पंप दिल्यावर उतार पडतो. नाकाकडून येणारा खोकला झोपायला गेल्यावर आणि उठल्यावर जास्त असतो, त्यात खाकरणं असतं, घशात काहीतरी अडकल्याची तक्रार असते, आणि पंपाने त्याला फारसा फरक पडत नाही. पण हे इतकं स्वच्छ वेगळं क्वचितच असतं. एकाच मुलाला, एकाच रात्री दोन्ही असू शकतात. म्हणून निदान आपण करायचं नाही, नुसतं बघून ठेवायचं.

चेहऱ्यावरही खुणा असतात. डोळ्यांखाली काळसर छटा, जिला आपण ‘झोप झाली नाही वाटतं’ म्हणतो. तळहाताने नाकाचा शेंडा खालून वर चोळण्याची सवय. तसं सतत केल्याने काही मुलांच्या नाकावर बारीकशी आडवी रेघही उमटते. सकाळी उठल्या उठल्या लागोपाठ शिंका. टाळू खाजते म्हणून जिभेने टकटक आवाज काढणं. तोंड उघडं टाकून झोपणं, घोरणं. आपल्यातल्या कितीतरी जणांनी या प्रत्येक गोष्टीवर मुलाला टोकलेलं असेल. ‘नाक चोळू नकोस.’ ‘तो आवाज काढू नकोस.’ ‘तोंड मीट.’

इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण मुलाच्या बाजूने हे फार कमी बोललं जातं.

ज्या मुलाचं नाक दोन-तीन वर्षांचं असल्यापासून चोंदलेलं आहे, त्याला मोकळं नाक म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. ते तक्रार कशी करणार? त्याच्या लेखी श्वास म्हणजे असाच असतो. ‘नाक बंद आहे का रे?’ विचारलं तर ते ‘नाही’ म्हणतं, आणि ते खोटं बोलत नसतं. उपचार सुरू झाल्यावर काही दिवसांनी अशी मुलं अचानक म्हणतात, ‘आई, आज आमटीचा किती वास येतोय!’

जेवणाचंच बघा. नाक बंद असलं की एकाच वेळी चावणं आणि श्वास घेणं जमत नाही. मूल घास तोंडात धरून बसतं, मध्ये तोंड उघडतं, ताटावर अर्धा-पाऊण तास घालवतं. आपल्याला ऑफिसचं काम किंवा उद्याची तयारी दिसत असते. आपण म्हणतो, ‘घास तोंडात घोळवत बसू नकोस, गिळ पटकन.’ त्याला खरोखर पटकन गिळता येत नसतं.

झोपेचंही तसंच. रात्रभर नाकाशी झगडलेलं मूल सकाळी चिडचिडं उठतं, वर्गात पेंगतं किंवा उलट एका जागी बसत नाही. मग शाळेतून ‘लक्ष देत नाही’ असं कळतं. आपण अभ्यासाचा तास वाढवतो. त्याची झोप तासांत मोजली तर पुरेशी भरते, पण मधूनमधून तुटलेली असते.

आणि खाकरणं! घरात पाहुणे असले की आपल्याला त्याची लाज वाटते. ‘ही काय घाण सवय लागलीय तुला?’ असं पटकन तोंडून जातं. मूल मग ते दाबायचा प्रयत्न करतं, आणि दाबलं की आणखी जोरात येतं. त्याच्या घशाला खरंच काहीतरी टोचत असतं. अशा वेळी ओरडण्याऐवजी घोटभर कोमट पाणी पुढे केलं तर त्याला नुसतं पाणी मिळत नाही, आपण त्याच्या बाजूचे आहोत हेही कळतं.

आता औषधांकडे येऊ. खोकल्याच्या बाटल्यांबद्दल आधी, कारण तो आपला सगळ्यात जुना आधार. २०२३ च्या डिसेंबरमध्ये देशाच्या औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन या दोन औषधांचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असं लेबलवर छापायला कंपन्यांना सांगितलं. सर्दीच्या कितीतरी सिरपांमध्ये हीच जोडी असते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या सिरपने लहान मुलं दगावल्यानंतर, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली साधारणपणे ती सुचवलेली नाहीत. ती बातमी वाचून ज्यांच्या पोटात खड्डा पडला त्यांत आपण सगळेच होतो. पण विषाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, दम्याच्या मुलाचा खोकला सिरपने दाबला तर मूळ कारण तसंच राहतं. सूज नाकात असो वा छातीत, सिरप तिथे काहीच करत नाही.

नाक मोकळं करणारे थेंब हा दुसरा मोह. एका थेंबात नाक उघडतं, मूल झोपतं, आपणही झोपतो. कुणाला नको वाटेल? पण झायलोमेटाझोलिनसारखे थेंब तीन-चार, फार तर पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं आणि जास्तच चोंदतं. मोठ्यांचे थेंब लहानांना तर मुळीच नकोत, आणि मुलांचे थेंबही डॉक्टरांनी सांगितले तरच.

मग डॉक्टर जेव्हा नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे लिहून देतात, तेव्हा आपल्या चेहऱ्यावर आठी येते. ‘पंपात स्टेरॉइड, आता नाकातही?’ ही भीती मला पूर्ण समजते, आणि तिची कुणी टिंगल करू नये असं मला वाटतं. मात्र एवढं माहीत असू द्या. मोमेटासोन, फ्लुटिकासोनसारख्या स्प्रेंचं प्रमाण फार थोडं असतं आणि त्यातलं रक्तात जाणारं औषध तर अगदीच नगण्य असतं. मोमेटासोनचा स्प्रे दोन वर्षांच्या पुढच्या मुलांना देता येतो. नाक कोरडं पडणं, कधी थोडं रक्त येणं हे त्याचे नेहमीचे त्रास. पंप आणि स्प्रे दोन्ही चालू असतील तर मुलाची उंची ठरावीक काळाने मोजून घ्यायला डॉक्टरांना सांगावं. मनातली शंका तिथेच विचारावी. घरी येऊन गुपचूप बाटली कपाटात ठेवली तर डॉक्टरांना वाटतं औषध चालू आहे, आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो.

स्प्रे मारायची एक पद्धत असते आणि ती नीट कुणी दाखवतच नाही. डोकं मागे टाकायचं नाही, जरासं पुढे झुकवायचं. नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारलं की दिशा आपोआप बरोबर येते. नंतर जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात उतरतं, कडू लागतं आणि मूल दुसऱ्या दिवशी पळून जातं. आधी नाक शिंकरून किंवा मिठाच्या पाण्याने मोकळं केलेलं असलं तर उत्तम. आणि याने लगेच फरक पडत नाही. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे रोज मारावं लागतं. आपण तिसऱ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतो. ब्रश केल्यानंतर लगेच, पंपासोबत, असं रोजच्या क्रमात बसवलं तर विसरायला होत नाही.

माँटेलुकास्टचं गोड सिरप किंवा चघळायची गोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. काही मुलांना ती उपयोगी पडतेही. पण २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी तिच्यावर सगळ्यात ठळक इशारा छापायला लावला. या औषधाने काही जणांमध्ये चिडचिड, दुःस्वप्नं, उदासी असे मनावरचे परिणाम दिसतात. मुलाचं वागणं ती सुरू केल्यापासून बदललं असेल तर ‘हट्टी झालाय’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा.

एक गोष्ट मात्र मी अगदी कळकळीने सांगते. नाकाचा उपचार हा पंपाला पर्याय नाही. नाक सुधारलं की झोप सुधारते, नाकाकडून येणारा खोकला उतरतो, मूल प्रसन्न दिसतं. पण त्याने छातीतला दमा आपोआप आटोक्यात येतो असं नाही. नाक बरं वाटतंय म्हणून पंप बंद केला, असं होऊ देऊ नका. आणि खोकला टिकून असेल तेव्हा नाकाकडे वळण्याआधी पंप नीट घेतला जातोय का हेही एकदा बघून घ्या. स्पेसर लावलाय ना, पफनंतर मूल सावकाश श्वास घेतंय ना, बाटलीत औषध शिल्लक आहे ना. डॉक्टरांसमोर एकदा मुलाला पंप घेऊन दाखवायला सांगा. पाच मिनिटं लागतात.

घरातल्या मोठ्यांचे उपाय हा आणखी एक नाजूक विषय. आजीच्या हातचं हळद-दूध, आलं-मध, गळ्याला गुंडाळलेला मऊ रुमाल, यातली माया औषधाच्या दुकानात मिळत नाही. वर्षापेक्षा मोठ्या मुलाला झोपताना चमचाभर मध दिला तर खोकल्याला थोडा आराम पडतो. एक वर्षाच्या आत मात्र मध अजिबात नको. दही, केळं, गार पाणी बंद करण्याचा जो नियम घरोघरी आहे, त्याने ॲलर्जीचं नाक बरं होत नाही. मुलाच्या ताटातलं आवडतं मात्र जातं. पण यावरून सासूबाईंशी किंवा आईशी वाद घालत बसण्याची गरज नाही. जिथे अपाय आहे तेवढंच प्रेमाने थांबवावं. ओव्याची किंवा धुपाची धुरी दम्याच्या मुलाच्या खोलीत नको, कारण धूर कसलाही असो, तो त्या नळ्यांना झोंबतोच. गरम पाण्याच्या पातेल्यावर टॉवेल घेऊन वाफारा देणं तर माझ्या मते लहान मुलांच्या बाबतीत बंदच करावं. पातेलं कलंडून भाजण्याचे प्रकार होतात, आणि त्याने दम्याला फायदा काहीच होत नाही. नाकपुडीत बाम लावणंही नको.

त्याऐवजी आजीच्या हाती मिठाच्या पाण्याचं काम द्या. मेडिकलमध्ये सलाइनचे तयार थेंब किंवा स्प्रे मिळतात. मोठ्या मुलाचं नाक धुवायचं असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा मीठ. पाणी उकळलेलंच हवं, थेट नळाचं नाकात घालू नये. आजीलाही नातवंडासाठी काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि ते खरोखर उपयोगीही असतं.

घराबद्दल बोलायला लागलं की यादी संपत नाही आणि आपला जीव दडपतो. सगळं कुणालाच जमत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी डासांची कॉइल जावी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. आपण बंद खोलीत, मुलाच्या उशाशी ती लावून झोपत असू तर पंपाला तरी किती दोष देणार? मच्छरदाणी लावा. उदबत्ती देवघरात लावायचीच असेल तर मूल शाळेत गेल्यावर, खिडकी उघडी ठेवून. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर बाल्कनीत जाऊन ओढणंही पुरेसं नाही, कपड्यांवरून वास आत येतोच.

मग अंथरूण. धुळीतले सूक्ष्म कीटक गादी, उशी, गोधडी, मऊ खेळणी यांत राहतात, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवेत फोफावतात. मुंबई आणि कोकणात तर पावसाळाभर त्यांची चंगळ. चादरी आणि अभ्रे आठवड्याला एकदा चांगल्या कढत पाण्यात धुवा, ऊन पडलं की गाद्या-गोधड्या बाहेर काढा. रात्री कुशीत घेऊन झोपायचं ते एकच खेळणं ठेवू द्या आणि तेही धुता येईल असं. सगळीच काढून घेऊ नका, दम्यामुळे त्याच्याकडून आधीच बरंच काही काढून घेतलेलं असतं. दिवाळीआधी जळमटं काढताना, माळ्यावरची भांडी उतरवताना मुलाला त्या दिवशी आत्याकडे, मावशीकडे पाठवा. आणि भिंतीला ओल असेल, कोपऱ्यात काळी बुरशी असेल तर मुलाचा पलंग तिथून आजच हलवा. दुरुस्ती होईल तेव्हा होईल.

बाहेरचं आपल्या हातात कमी असतं. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं गाजर गवत आता मोकळा प्लॉट दिसेल तिथे उगवतं आणि त्याच्या परागकणांनी शिंका सुरू होतात. खेळाच्या मैदानाकडेला ते माजलेलं असेल तर सोसायटीने किंवा नगरपालिकेने फुलण्याआधी काढावं, म्हणून पाठपुरावा करता येतो.

नाक नाक करताना काही गोष्टींकडे दुर्लक्ष नको. बरगड्यांमध्ये खळगे पडत असतील, नाकपुड्या फुलत असतील, एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप देऊनही उतार नसेल, तर तो नाकाचा प्रश्न नाही. तेव्हा विचार न करता दवाखाना गाठायचा. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असून ताप, वजन घटणं, भूक मरणं असेल तर क्षयरोगाची तपासणी व्हायला हवी. ओला, कफाचा खोकला महिनाभर टिकला तर छातीतला जंतुसंसर्ग बघावा लागतो. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर लहान मुलाने मणी, चणा, खोडरबराचा तुकडा आत घातलेला असू शकतो. रोज घोरणारं, झोपेत श्वास अडणारं मूल ॲडेनॉइडसाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

डॉक्टरांकडे आपल्याला दहा मिनिटं मिळतात, त्यातली दोन मूल रडण्यात जातात. आणि गंमत म्हणजे नेमकं तिथे ते खोकतच नाही! म्हणून रात्री खोकत असताना मोबाइलवर आवाज किंवा व्हिडिओ घेऊन ठेवा. खोकला कधी येतो, पंपाने उतरतो का, हे लिहून न्या. आणि सगळ्यात पहिलं वाक्य नाकाबद्दल बोला. ‘डॉक्टर, याचं नाक वर्षभर चोंदलेलं असतं, त्याचा या खोकल्याशी संबंध असेल का?’ इतका सरळ प्रश्न विचारला की तपासणीची दिशाच बदलते. विचारायला संकोच वाटतो हे खरं, डॉक्टरांना शिकवल्यासारखं वाटेल असं मनात येतं. चांगल्या डॉक्टरांना तसं वाटत नाही.

शाळेबद्दलही एक करता येईल. करोनानंतर वर्गात खोकणाऱ्या मुलाकडे सगळे वळून बघतात. शेजारचं मूल बाक सरकवून घेतं. आपलं मूल घरी येऊन हे सांगतही नाही, फक्त सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखतं. वर्ष सुरू होतानाच वर्गशिक्षिकांना भेटून सांगा, की याला दमा आणि नाकाची ॲलर्जी आहे, हा खोकला कुणाला लागत नाही. पाणी प्यायला किंवा नाक शिंकरायला त्याला न विचारता उठू द्या. दप्तरात पंपासोबत दोन स्वच्छ रुमाल ठेवा. बाई बहुतेक वेळा लगेच हो म्हणतात. त्यांच्या वर्गात अशी आणखी दोन-तीन मुलं असतातच.